‘रद्द’ कोणास म्हणावयाचे? : डेटिंग ॲपची वर्गणी बंद करण्याच्या व्यवहारातील भाषा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील नोकरदार तरुणवर्गाच्या बोलण्यात डेटिंग ॲपशी असलेला संबंध संपविण्याविषयी चार वाक्ये येतात : ‘ॲप काढून टाकले’, ‘अकाउंट डिलीट केले’, ‘प्लॅन बंद केला’ आणि ‘ऑटो-पे थांबवले’. बोलणाऱ्यास ही चारही वाक्ये जवळजवळ समानार्थक वाटतात आणि ऐकणाराही ती तशीच घेतो. वस्तुतः ही चार निरनिराळी कृत्ये आहेत. त्यांचा कर्ता एकच असला, तरी ज्यांना उद्देशून ती केली जातात ते पक्ष वेगळे आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या कृत्याचा तर कोणीच श्रोता नाही. पैसे देऊन घेतलेली वर्गणी बंद केल्याचे समाधान मानणाऱ्या माणसाच्या खात्यातून पुढील महिन्यातही रक्कम वजा होते, याचे एक महत्त्वाचे कारण या शब्दसंकरात आहे. यंत्राचे अज्ञान, कंपनीचा लोभ ही कारणे आहेतच. परंतु त्यांची चर्चा पुष्कळ होते. शब्दांची चर्चा त्या मानाने झालेली नाही.

प्रथम घरगुती व्यवहाराकडे पाहू. उपनगरांतील चाळींत आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांत दूध आणि वर्तमानपत्र या दोन गोष्टी नित्य येतात, व त्या थांबविण्यासाठी मराठीत दोन स्पष्ट शब्दप्रयोग रूढ आहेत. कुटुंब आठ दिवस गावी जावयाचे असेल, तर पेपरवाल्यास ‘पेपर बंद ठेवा’ असे सांगितले जाते. घर बदलावयाचे असेल, तर ‘पेपर बंद करा’ असे सांगतात. ‘ठेवणे’ या क्रियापदाने तात्पुरतेपणा आणि ‘करणे’ या क्रियापदाने कायमपणा सूचित होतो, हे कोणत्याही मराठी भाषकास शिकवावे लागत नाही. शिवाय हा व्यवहार महिन्याच्या अखेरीस बिल देण्याचा. म्हणजे वस्तू आधी, पैसे नंतर. ज्यास थांबवावयाचे तोच दारात उभा असतो, त्यालाच तोंडी सांगितले जाते, आणि सांगितलेले त्याने ऐकले की नाही याची खात्री दुसऱ्या दिवशी दार उघडताच होते.

विवाहाच्या व्यवहारातही असेच. वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवावयाचे, तर ठराविक मुदतीची फी भरावी लागे. मुदत संपली की नोंद आपोआप निकालात निघे, आणि पुन्हा फी भरल्याशिवाय ती पुढे चालत नसे. मध्यंतरी लग्न जमले तर वडील मंडळी कार्यालयात जाऊन ‘आमच्या मुलीचे नाव कमी करा’ असे सांगत. या पद्धतीत मौनाचा अर्थ निश्चित होता : काही न बोलणे म्हणजे संबंध संपणे. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी किंवा मासिकाची वार्षिक वर्गणी घेतली, तरी हेच तत्त्व आढळते. ‘वर्गणी’ या शब्दाच्या रूढ अर्थात, पुन्हा मागावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते, ही कल्पना अंतर्भूत आहे.

मोबाइल फोनवरील वर्गणीने मौनाचा हा अर्थ नेमका उलटा केला आहे. एकदा संमती दिल्यानंतर काही न बोलणे म्हणजे संबंध चालू ठेवणे. संपविण्यासाठी मात्र बोलावे लागते. इंग्लंडमध्ये १८६२ साली निकालात निघालेला फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा घोड्याच्या विक्रीचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. पुतण्याकडून पुन्हा काही कळले नाही, तर घोडा आपला झाला असे समजेन, असे चुलत्याने लिहिले होते. परंतु मौन ही संमती होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपोआप नूतन होणारी वर्गणी या नियमास बाधा आणीत नाही, कारण तिच्यात संमती मौनाने दिली जात नसून आरंभीच, पुढील सर्व महिन्यांसाठी, एका स्पर्शाने दिली जाते. मौन येते ते नंतर. हा भेद सूक्ष्म असला, तरी सर्व गोंधळाचे मूळ त्यातच आहे : आरंभीच्या क्षणी वापरणाऱ्यास आपण एका महिन्याचे पैसे देत आहोत असे वाटते, आणि कंपनीच्या दृष्टीने तो अनिश्चित काळापर्यंतचा अधिकार देत असतो.

हा अधिकार नेमका कोणास दिला जातो, हे आता पाहिले पाहिजे. टिंडर हे ॲप २०१२ साली अमेरिकेत निघाले. बम्बल भारतात डिसेंबर २०१८ मध्ये आले. टिंडरने २०१५ मध्ये ‘प्लस’, २०१७ मध्ये ‘गोल्ड’ आणि २०२० मध्ये ‘प्लॅटिनम’ अशा चढत्या श्रेणीच्या सशुल्क योजना आणल्या. ॲप फुकट वापरता येते. पैसे दिल्यास आपल्याला कोणी पसंत केले हे दिसणे, अमर्याद पसंती नोंदविता येणे, अशा सोयी मिळतात. म्हणजे येथे दोन गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत : खाली फुकट खाते, आणि वर पैसे देऊन घेतलेली योजना. वरचा मजला उतरविला तरी खालचा उभाच राहतो.

मराठी संज्ञेची अडचण येथे प्रथम जाणवते. गूगल प्लेच्या मराठी पडद्यावर या योजनेस ‘सदस्यत्व’ म्हटले आहे. ‘सदस्य’ म्हणजे सदसात, सभेत बसणारा; त्याचे सभेशी असलेले नाते पैशापुरते नसते. साहजिकच ‘सदस्यत्व रद्द केले’ असे वाचणाऱ्यास आपण त्या ॲपचे सभासदच राहिलो नाही, असे वाटते. परंतु घडते ते इतकेच की, पुढील पैसे देण्याचे थांबते. नाव, छायाचित्रे आणि स्वतःविषयी लिहिलेला मजकूर पूर्ववत् तेथेच राहतो आणि इतरांस दिसू शकतो. साखरपुडा ठरल्यावर ज्याने ‘सदस्यत्व रद्द’ केले, त्याचा चेहरा सासरकडील एखाद्या चुलतभावाच्या फोनवर पुढेही अवतरू शकतो. मराठीत ‘वर्गणीदार’ आणि ‘सभासद’ हा भेद पूर्वीपासून आहे. मासिकाच्या वर्गणीदारास कोणी सभासद म्हणत नाही. तयार असलेला हा भेद बाजूस सारून दोहोंस एकच शब्द योजणे हे भाषांतरकारांचे अनवधान म्हणावे लागेल. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थही खाली लिहिणे, म्हणजे सही करणे, एवढाच आहे. त्यात सभा कोठेच नाही.

पैसे घेणारा पक्ष कोणता, हा दुसरा प्रश्न. ॲप गूगलच्या किंवा ॲपलच्या दुकानातून उतरवून त्याच दुकानामार्फत पैसे दिले असतील, तर वर्गणीचा हिशेब त्या दुकानाच्या वहीत असतो. डेटिंग कंपनी स्वतः पैसे कापत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर थेट कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिले असतील, तर वही कंपनीकडे असते. दुकान आणि कंपनी हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे मार्च २०२४ मध्ये ठळकपणे दिसून आले. सेवाशुल्काच्या वादातून गूगलने १ मार्च रोजी काही भारतीय कंपन्यांची ॲपे आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यांत मुंबईच्या अनुपम मित्तल यांचे शादी डॉट कॉम होते, चेन्नईच्या मॅट्रिमनी डॉट कॉमची विवाहविषयक ॲपे होती, आणि ट्रुलीमॅडली हे डेटिंग ॲपही होते. सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांतच ती परत आली. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने त्या चार दिवसांचे महत्त्व फारसे नसेल. पण फोनवरील चित्राच्या मागे दोन स्वतंत्र घरे आहेत आणि त्यांचे आपापसात पटतेच असे नाही, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली.

तिसरा पक्ष बँक. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरून वारंवार होणाऱ्या वजावटीस नियम घालून दिले. जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयसही लागू केले, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची पूर्ण अंमलबजावणी झाली. मुंबईतच मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटो-पे सुरू केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगल प्लेनेही वर्गण्यांसाठी ते स्वीकारले. या व्यवस्थेत ग्राहक जी परवानगी देतो, तिला सर्वत्र ‘मॅन्डेट’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी ‘हात’ आणि ‘देणे’ असे दोन घटक आहेत. मराठीत ‘हाती देणे’, ‘हवाली करणे’ असे जे म्हणतात, तेच ते. परवानगी हाती दिली आहे, तर ती हातातून परत घ्यावी लागते, ही कल्पना शब्दातच असूनही तो परका राहिल्यामुळे बोलणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

नियमांप्रमाणे पहिल्या वेळी ग्राहकाची जादा पडताळणी होते. पुढे प्रत्येक वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी त्यास सूचना द्यावी लागते. त्या सूचनेत पैसे घेणाऱ्याचे नाव, रक्कम व तारीख असावी लागते. आणि ती एक वजावट नाकारण्याची किंवा सर्व परवानगीच मागे घेण्याची सोय विनाशुल्क उपलब्ध असावी लागते. पडताळणीशिवाय वजा होऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये झाली. डेटिंग ॲपची मासिक वर्गणी या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते, म्हणून पहिल्या महिन्यानंतर ओटीपी मागितला जात नाही. २४ तासांपूर्वीची ती सूचना हाच काय तो इशारा उरतो.

आणि हा इशारा पोचतो कोठे? बँकेत नोंदविलेल्या दूरध्वनी क्रमांकावर. उपनगरांतील कित्येक घरांत मुलाचे किंवा मुलीचे बचत खाते महाविद्यालयाच्या दिवसांत उघडलेले असते, आणि त्याला वडिलांचा किंवा आईचा क्रमांक जोडलेला असतो. सूचना तेथे जाते. दुकानामार्फत पैसे दिले असतील, तर सूचनेत बहुधा दुकानाचेच नाव येते, ॲपचे येत नाही. एका परीने ही गुप्ततेची ढाल आहे. पण तीमुळेच वाचणाऱ्यास ती कशाची वजावट आहे हे कळत नाही, आणि ज्यास कळले असते त्यास ती दिसतच नाही. वधू-वर मंडळाचे पाकीट घरी येई, तेव्हा सर्व घरास ते ठाऊक असे, आणि विसरलेली फी किंवा राहिलेली नोंद कोणीतरी वडीलधारे माणूस लक्षात आणून देई. डेटिंग ॲपचा व्यवहार एकट्याने करावयाचा असतो. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांच्या देखत तो लपविण्यात शक्ती खर्च होते. मग चुकून वजा झालेल्या काही शे रुपयांसाठी तक्रार करणे, म्हणजे जे लपविले तेच उघड करणे होते. पुष्कळ जण गप्प राहतात. कंपन्यांच्या ताळेबंदात हे मौन कोणत्या सदरात जमा होत असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आता ‘रद्द’ या शब्दाकडे वळू. हा शब्द अरबी; परतविणे, नाकारणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत तो फार्सीच्या द्वारे आला आणि इतका रुळला की त्यापासूनची ‘रद्दी’ प्रत्येक घरात महिनोमहिने साठते. ‘रद्दबातल’ या जोडशब्दात त्याच्या सोबत ‘बातिल’, म्हणजे निरर्थक ठरलेला, हा दुसरा अरबी शब्द आहे. इंग्रजीतील समानार्थी क्रियापदाच्या मुळाशी लॅटिनमधील जाळीचा शब्द आहे : लिहिलेल्या मजकुरावर आडव्या-तिडव्या रेघा मारून जाळी केली की तो मजकूर मेला. म्हणजे एका भाषेत परत पाठविण्याची आणि दुसरीत खोडण्याची कल्पना आहे. दोहोंतही समोर एक लेख आहे आणि त्यावर काहीतरी दृश्य घडते.

संबंध तोडण्याच्या मराठी शब्दांत तर हा लेखाचा अंश फारच ठसठशीत आहे. ‘सोडचिठ्ठी’त चिठ्ठीच आहे. ‘फारकत’ हा फारिग-खत या रूपाचा अपभ्रंश. जबाबदारीतून मोकळे केल्याचे पत्र, असा त्याचा अर्थ. भागीदारीचा हिशेब मिटल्याच्या दस्तास आणि नवरा-बायकोच्या विभक्त होण्यास एकच शब्द लागू होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘काडीमोड’ या शब्दात कागद नाही. पण काडी आहे, आणि ती चारचौघांच्या समक्ष मोडली जाते. ‘राजीनामा’ हाही मुळात संमतीचा, राजी असल्याचा लेख. पुढे तो पद सोडण्याचा लेख झाला. या सर्व शब्दांत तीन गोष्टी समान आहेत : सोडणारा, ज्यास सोडले तो, आणि झालेल्या कृत्याची खूण. एकट्याने, कोणास न कळविता, कोणतीही खूण न ठेवता केलेल्या सोडण्यास मराठीत यांपैकी एकही शब्द लागत नाही. त्यास ‘निघून जाणे’ म्हणतात. आणि निघून गेलेल्याचे भाडे चालू राहते.

‘नाव काढणे’ या वाक्प्रचाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘मुलाने घराण्याचे नाव काढले’ म्हणजे कीर्ती मिळविली. ‘शाळेतून नाव काढले’ म्हणजे नोंद कमी केली. ‘त्याचे नाव काढू नकोस’ म्हणजे उल्लेख करू नकोस. तीन अर्थांत संदर्भाने भेद होतो आणि गोंधळ होत नाही, कारण बोलणारा व ऐकणारा एकाच प्रसंगात उभे असतात. फोनच्या पडद्यावरचे ‘काढून टाका’ हे शब्द मात्र कोणत्याही प्रसंगात उभे नसतात. चित्रावर बोट दाबून ‘अनइंस्टॉल करा’ निवडले, तर निघते ते केवळ त्या यंत्रातील साधन. करार जेथे नोंदलेला आहे तेथे त्याची वार्ताही जात नाही. पेपरवाल्यास न सांगता दार लावून घेतल्याने पेपर थांबत नाही. तो उंबऱ्यावर साठत राहतो, एवढेच.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून उच्चाराबरोबर कृत्यच घडवितात, असे दाखविले. ‘मी हे दान देतो’, ‘मी राजीनामा देतो’ ही त्या वर्गातील वाक्ये. परंतु असे वाक्य सफल होण्यास रूढ पद्धती असावी लागते, योग्य व्यक्तीने ते योग्य व्यक्तीस उद्देशून उच्चारावे लागते, आणि पद्धती शेवटपर्यंत पार पाडावी लागते. यांपैकी एक अट चुकली, तर शब्द उच्चारले जातात पण कृत्य घडत नाही. ‘ॲप काढून टाकले’ हे अशा फसलेल्या कृत्याचे शुद्ध उदाहरण होय. ‘अकाउंट डिलीट केले’ यात श्रोता आहे, पण तो चुकीचा आहे : दुकानामार्फत घेतलेल्या वर्गणीच्या बाबतीत खाते पुसण्याची आज्ञा डेटिंग कंपनीस पोचते, आणि पैसे कापणाऱ्या दुकानास पोचत नाही. टिंडरसारख्या ॲपमध्ये खाते पुसले तरी गूगल किंवा ॲपलकडील वर्गणी चालूच राहते. पुसलेल्या खात्याची वर्गणी भरत राहणे ही विसंगती हास्यास्पद वाटली, तरी व्यवहारात ती घडू शकते. उलट, यूपीआय ॲपमधून केवळ मॅन्डेट मागे घेतले, तर पैसे थांबतात. परंतु खाते आणि छायाचित्रे आहेत तेथेच राहतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. पहिल्या पावतीवर कोणाचे नाव आहे ते प्रथम पाहावयाचे. पावती बहुधा ई-मेलमध्ये सापडते. तीवर गूगलचे नाव असेल, तर प्ले दुकानातील स्वतःच्या चित्रावर स्पर्श करून पेमेंट आणि सदस्यत्वे यांच्या सदरात जावे लागते. ॲपलचे असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली वर्गण्यांची यादी असते. कंपनीचे असेल, तर कंपनीच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जावयाचे. मुदत संपण्याच्या किमान एक दिवस आधी हे करावे, असे ॲपल सांगते, आणि इतरत्रही तेच शहाणपणाचे. रद्द केल्याबरोबर सोयी नाहीशा होत नाहीत. भरलेल्या पैशाची मुदत संपेपर्यंत त्या चालू राहतात. याही गोष्टीने माणूस फसतो, कारण ‘रद्द’ म्हटल्यावर तत्काळ काही दिसेनासे होईल अशी त्याची अपेक्षा असते. ते न झाल्याने आपले रद्द करणे फसले असे समजून तो पुन्हा बटणे दाबू लागतो. रद्द झाल्याचा ई-मेल आल्यावर यूपीआय ॲपमधील ऑटो-पेची यादी एकदा पाहावी. मग खाते पुसावे. आणि साधन फोनमधून सर्वांत शेवटी काढावे. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण मन उबगल्यावर प्रथम नजरेसमोरून जावेसे वाटते ते चित्र.

‘बंद ठेवणे’ आणि ‘बंद करणे’ हा घरगुती भेद येथेही कामास येतो. बम्बलमध्ये ‘स्नूझ’ नावाची सोय आहे. तीमुळे आपली माहिती काही काळ इतरांपासून झाकली जाते. ही ‘बंद ठेवणे’ या प्रकारची कृती आहे. वर्गणीशी तिचा संबंध नाही. मराठी पडद्यावर या दोहोंसाठी हे दोन सहायक धातू कटाक्षाने वापरले, तर एकाही नव्या पारिभाषिक शब्दाची निर्मिती न करता पुष्कळ गैरसमज टळेल.

पडद्यावरील भाषेची आणखी एक खोड आहे. संगणकाच्या मराठीत ‘रद्द करा’ हे शब्द दोन कामे करतात : एक, चालू असलेली विचारणा सोडून मागे जाणे, दुसरे, करार मोडणे. चौकट विचारते की सदस्यत्व रद्द करावयाचे काय, आणि खाली ‘रद्द करा’ असे बटण असते. ते दाबल्याने सदस्यत्व रद्द होईल, की रद्द करण्याची विनंतीच रद्द होईल? दोन्ही वाचने व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. इंग्रजीतही ही संदिग्धता आहे, आणि मराठीने ती विचार न करता वारशाने घेतली. मागे जाण्यास ‘मागे जा’ किंवा ‘राहू द्या’ असे साधे शब्द असताना हे घडावे, हे आश्चर्य होय. आज्ञार्थाचे प्रयोजनही येथे तपासण्याजोगे आहे : ‘करा’ ही आज्ञा वापरणारा यंत्रास देतो, की यंत्र वापरणाऱ्यास देते? यंत्रास कोणी आदरार्थी संबोधीत नसल्यामुळे मराठी वाचकाच्या कानास ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे यंत्राची आपल्याला असलेली सूचना वाटते, आणि तो बिचकतो.

याहून वाईट रचना म्हणजे नकाराचे शब्द वापरणाऱ्याच्या तोंडी घालणे. ‘नको, मला चांगली ओळख होण्याची संधी सोडावयाची आहे’ अशा स्वरूपाचे बटण. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभिकल्पकाने २०१० साली अशा युक्त्यांस ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांस मनाई आहे. ग्राहकास लाजविणारी शब्दयोजना त्यांत आहे, फसवा प्रश्न आहे, आणि ‘वर्गणीचा सापळा’ हाही स्वतंत्र प्रकार आहे. या सापळ्याच्या व्याख्येत वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा लांबलचक करणे आणि रद्द करण्याची वाट लपविणे यांबरोबरच, रद्द करण्याविषयीच्या सूचना संदिग्ध अथवा गोंधळाच्या ठेवणे याचाही समावेश आहे. शब्दाची संदिग्धता हा येथे अलंकारशास्त्रातील दोष राहिलेला नसून कायद्यातील दोष झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, असे तत्त्व घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे.

अमेरिकेत याच प्रश्नावर टिंडरची मालक कंपनी मॅच ग्रुप हिच्याविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये दावा लावला होता. वर्गणी रद्द करण्याची वाट अवघड ठेवल्याचा आरोप त्यात होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन आणि रद्द करण्याची पद्धत सोपी ठेवण्याचे मान्य करून तो मिटविला. कॅलिफोर्नियात तर डेटिंग सेवेचा करार झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो मोडण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. इतर वस्तूंच्या खरेदीहून ही खरेदी निराळी, ती एका विशिष्ट मनःस्थितीत होते, याची ती कबुलीच म्हणावयाची.

मुंबई उपनगर जिल्ह्यात राहणाऱ्यास तक्रारीच्या वाटा जवळच आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विलेपार्ले येथे मुंबई ग्राहक पंचायतीचे ग्राहक भवन आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे (पूर्व) येथे बसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेच तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही. तक्रारीचा मसुदा लिहिताना मात्र आरंभी दिलेल्या चार वाक्यांची परीक्षा होते. ‘ॲप काढून टाकले तरी पैसे कापले’ एवढेच लिहिले, तर त्यातून कोणाचा दोष सिद्ध होत नाही. कोणत्या तारखेस, कोणाकडे, कोणत्या पडद्यावरून वर्गणी बंद करण्याची सूचना दिली, तिची पोच आली काय, आणि त्यानंतर कोणाच्या नावाने किती रक्कम वजा झाली, हे लिहावे लागते. सोबत ई-मेल आणि पडद्याचे छायाचित्र जोडावे लागते. जुन्या फारकतीच्या कागदात लिहून देणारा, लिहून घेणारा, मिती आणि साक्ष असत. तक्रार अर्जातही जवळजवळ तीच कलमे भरावयाची असतात.